एका बोटाचा धक्का

आमच्या मागच्या गॅलरीत माझ्या नवऱ्याची, सुधीरची लेथ आहे आणि शेजारच्या फळीवर त्याने घडवलेली वाफेची छोटी इंजिनं. आज सकाळी किती तरी महिन्यांनी त्याने एक इंजिन खाली काढायला लावलं. माझ्याकडूनच बॉयलरमध्ये पाणी भरून घेतलं, स्पिरिटचा दिवा पेटवून घेतला. वाफ झाली. इंजिन जागच्या जागी फुसफुसू लागलं, पण चाक हलेना.

एका सिलिंडरच्या इंजिनाचं हे असंच. दट्ट्या अगदी टोकाला येऊन थांबलेला असला, की वाफेने कितीही रेटलं तरी चाक अडून बसतं. बोटाने जरासा धक्का द्यावा लागतो. पाहुण्यांना सुधीर ऐटीत सांगायचा, "इंजिनात दोष नाहीये हं, एवढंच लागतं," आणि टिचकीसरशी चाक गरगरायचं.

आज कंपवाताने थरथरणारं त्याचं बोट चाकाला लागलं. चाक नुसतं डुललं आणि पुन्हा तिथेच आलं. मी हातातला चहा ठेवून पुढे झाले.

"नको. मी करतो."

केसाइतकी फट ओळखणारी ती बोटं आता त्याचं ऐकत नव्हती, आणि माझी धडधाकट बोटं त्याला नको होती. मी नुसती उभी राहिले.

दिवा विझला. फुसफुस बारीक होत होत थांबली. सुधीरने दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले आणि पाहुण्यांना सांगावं तसं मला सांगितलं, "इंजिनात दोष नाहीये हं."