युनिट टेस्ट नावाची फाईल

फाईल उघडली आणि ती दिवाळीपाशी संपली.

त्यापुढे नुसतं पांढरं पान होतं. मी बोटानं वर सरकवलं, खाली सरकवलं, फाईल बंद करून परत उघडली. आई पाडव्याच्या सकाळी दारातली रांगोळी पुसत होती, त्या वाक्यापाशीच मजकूर थांबत होता. त्यानंतरचा हिवाळा, उन्हाळा, बघायला आलेली स्थळं, आईचं आजारपण, यातलं काहीच नव्हतं. कोपऱ्यात एक करडा ढग होता आणि त्यावर फुली.

शिरूरच्या शाळेतल्या स्टाफरूममध्ये मी बसले होते. शेजारी कुणीतरी डबा उघडला, मेथीचा वास आला. मी टॅबचं कव्हर मिटलं, कारण कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

फाईलचं नाव होतं ‘युनिट टेस्ट पोर्शन’. आत टेस्टचं काही नव्हतं. आत आमचं घर होतं.

मी लिहिते हे कुणाला ठाऊक नव्हतं. शाळेत शिकताना मी इंग्रजीतून निबंध लिहिले, पण आईला इंग्रजीतून बोलायला लावलं की ती आई उरायची नाही, म्हणून घरचं सगळं मराठीत लिहायला लागले. दोन वर्षं झाली असतील. बाबा रागावले की कसे बोलेनासे होतात, मग घरात भांड्यांचेच आवाज कसे येतात. पाहुणे मला बघून गेल्यावर आई पोह्यांच्या बशा विसळताना माझ्याकडे का बघत नाही. एकदा ‘आमटी खारट झाली, मला नको’ म्हणत ती दुधात भाकरी कुस्करून जेवली. आमटी उरलीच नव्हती आणि ते तिला कळू द्यायचं नव्हतं, असं मी लिहिलं होतं. त्या पानावर मी बरेच दिवस घालवले होते. मी आजवर केलेलं, मला स्वतःला आवडलेलं काम तेवढंच.

आता प्रश्न पडेल, की एवढं होतं तर नीट का ठेवलं नाही. त्याचं कारण आमचं खातं.

आमच्याकडे पाण्याची टाकी एक, गॅस एक, तसं इंटरनेटचं खातंही एकच आहे. घरात पहिला स्मार्टफोन आला तेव्हा दादानं ते बाबांच्या नावानं उघडलं, आणि पुढे प्रत्येक नव्या यंत्रात तेच घातलं. मला टॅब दिला तेव्हाही. मी वेगळं खातं काढलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, ‘वेगळं कशाला?’ फाईल सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, पण कंटाळवाण्या नावाखाली ठेवायची, हा मी काढलेला मार्ग. गेल्या दिवाळीत दौंडला घरी असताना बाबा फोन बघत म्हणाले, “हे युनिट टेस्टचं काय सारखं वर येतंय गं?” त्या दिवसापासून मी टॅबचं नेट कायम बंद ठेवायला लागले. लिहिलेलं टॅबमध्येच राहायचं, ढगापर्यंत जायचं नाही. मला ते सुरक्षित वाटायचं. आज मार्क भरायला म्हणून नेट चालू केलं आणि हे झालं.

आमची सकाळची शाळा. दुपारी ती सुटल्यावर मी कॉम्प्युटरच्या सरांकडे गेले. सर न्हावऱ्याकडचे, बोलके. त्यांनी टॅब हातात घेतला आणि म्हणाले, “अवघडलाय बगा. रीसेट मारू मॅडम, एकदम नव्यासारखा होईल.”

“नको!” मी टॅब ओढूनच घेतला. सर बघत राहिले. मी शाळेत एवढ्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते.

“बरं बरं, न्हाई मारत. त्यात काय जीव अडकलाय का?”

त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्याच हातात टॅब ठेवून, लांबूनच बघत सांगत गेले. खातं भरलंय. तुमचं नवं लिखाण वर जायला निघालं, पण वर जागा न्हाई. म्हणून वरचं जुनंच दिसतंय. नवं अजून टॅबच्या पोटात असंल. “असंल म्हणतोय हां, आहे असं म्हणत न्हाई. लॉगआउट करू नका. काही पुसू नका. ह्याला हातच लावू नका. दुसऱ्या फोनवरनं खात्यात जागा करा, मग ते आपोआप चढंल. चढलं तर.”

‘चढलं तर’ हे दोन शब्द घेऊन मी खोलीवर आले. माझा फोन साधा, बटणांचा; टॅब घेतल्यावर दुसरा स्मार्टफोन कशाला, असं घरी ठरलं होतं. म्हणजे दादाला न विचारता जागा करता येणारा फोन एकच होता, बाबांचा. बाबा दुपारी दुकानातून येऊन जेवतात आणि झोपतात. तेव्हा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला असतो, आणि आला तर आई उचलते.

“काय गं, ह्या वेळेला? बरी हायेस ना?”

“बरी आहे. आई, बाबा झोपलेत?”

“झोपल्यात. उठवू?”

“नको, नको. मला तूच हवी आहेस. फोनमधले थोडे व्हिडिओ काढायचेत. शाळेचं काम अडकलंय.”

आईनं फोन स्पीकरवर टाकला आणि आवाज बारीक केला. मी सांगेन तिथं ती बोट लावत गेली. दादाच्या लग्नाचे व्हिडिओ निघाले, एकामागून एक.

“हे हळदीचं काढू का? मामानं काढल्यात. सगळ्यांचं नुसतं पायच दिसत्यात.”

“काढ.”

“आन् हे? ह्यात तुझी आत्या नाचतीय.”

“ते राहू दे.”

“काढते. तिलाच बरं वाटंल.”

मला हसू आलं नाही. मी टॅबकडे बघत होते. ढगावरची फुली तशीच होती. मी आईला सांगितलं, नुसतं काढून भागत नाही, काढलेलं सगळं एका कचऱ्याच्या टोपलीत जाऊन पडतं. ती टोपली उघड आणि तिथूनही काढ, तेव्हा जागा होते. तिनं ते दोनदा विचारून घेतलं. आई कुठलीही गोष्ट एकदा शिकली की विसरत नाही.

फुली गेली. ढगात एक बाण फिरायला लागला. तो किती वेळ फिरला सांगता येणार नाही. मग रांगोळीच्या वाक्याखाली काळ्या ओळी उमटल्या, आणि पान खाली खाली जात राहिलं. हिवाळा आला. उन्हाळा आला. आमटी आली.

“अगं, इथं वर काहीतरी आलंय,” आई म्हणाली. “युनिट टेस्ट. उघडू का?”

“उघडू नकोस!”

पलीकडे फ्रिजचा आवाज ऐकू येत होता.

“बरं,” आई म्हणाली. “तुझं आलं ना समदं?”

“आलं.”

“मग ठेवते. हे उठत्याल.”

मी नेट बंद केलं आणि टॅब कपड्यांच्या खाली ठेवला. काम परत मिळालं होतं, पण आता ते बाबांच्या फोनवर, यादीत सगळ्यात वर होतं, आणि बाबा उठणार होते. त्यात ते होते. त्यांचं न बोलणं, पानंच्या पानं. शनिवारपर्यंत मी घरून येणाऱ्या प्रत्येक फोनला आधी पाणी प्यायले आणि मग तो उचलला. कुणी काही बोललं नाही. न बोलणं हीच तर आमच्याकडची शिक्षा, त्यामुळे त्यातून काहीच कळत नव्हतं.

शनिवारी दुपारच्या एसटीनं दौंडला गेले. चौफुल्याला गाडी रिकामी झाली, मला खिडकी मिळाली, पण बाहेर काय होतं ते मला आठवत नाही. घरी बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. “आलीस?” म्हणाले. नेहमीसारखं की वेगळं, मला ठरवता येईना. मी आत गेले.

आई लसूण सोलत होती. तिनं आधी दाराकडे बघितलं, मग हलक्या आवाजात म्हणाली, “ते तुझं मी ह्यांच्या फोनवरनं काढून टाकलं. त्याच दिवशी, हे उठायच्या आधी. तू अजिबात घाबरू नको.”

खातं एक. एका फोनवरून काढलं की सगळीकडून जातं. मी पिशवीतून टॅब काढला, बघायला म्हणून घाईत नेट चालू केलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत ‘युनिट टेस्ट पोर्शन’ यादीतून निघून गेलं.

“आई, ते इथलंपण गेलं.”

“असं कसं? मी तर ह्यांच्या...” तिनं लसणाचा हात तोंडाला लावला. मी आईला एवढी घाबरलेली कधी बघितली नव्हती. बाबांपुढेही नाही.

“टोपलीतून पण काढलंस का? मी शिकवलं होतं तसं?”

ती आठवू लागली. बाहेर पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला.

“टोपली उघडली होती,” ती म्हणाली. “बोट पण ठेवलं होतं. मग म्हटलं, एवढं लिहिलंय पोरीनं. तिला विचारल्याशिवाय कसं टाकायचं?”

मी टोपली उघडली. आत्याचा नाच आईनं टोपलीतून काढलाच नव्हता; त्याशिवाय तिथं एकच गोष्ट होती. परत आणण्याच्या बटणावर मी बोट ठेवताना आईनं माझं मनगट धरलं. तिच्या बोटांचा लसणाचा वास माझ्या हाताला लागला. फाईल परत आली. आता ती बाबांच्या शेजारी असलेल्या फोनवरही आली असणार, हे आम्हा दोघींना एकाच वेळी कळलं.

“चहा होईल का?” बाबांनी बाहेरून विचारलं.

“ठेवलाय,” आई म्हणाली. ठेवलेला नव्हता. तिनं घाईनं पातेल्यात पाणी ओतलं, गॅस पेटवला, आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, “आधी त्याचं नाव बदल. दोन वरीस कुठं युनिट टेस्ट चालती का? शिक्षिका हायेस का कोण?”

एवढ्या लिखाणाला किती काळ लागला, हे फाईल उघडल्याशिवाय कळत नाही. मी काही विचारलं नाही. तिनं कुठवर वाचलं, बाबांचं वाचलं का, ती स्थळं नको आहेत ते वाचलं का. कप धुऊन तिच्यापुढे ठेवत राहिले.

चहा गाळताना ती म्हणाली, “आन् ती आमटी खरंच खारट झाली व्हती. तेवढं नीट लिही.”

मग तिनं बाबांचा कप उचलला. “दे, मी नेते,” मी म्हणाले. “ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली, “फोन पण आणते त्यांच्याकडनं, चार्जिंगला लावायचाय म्हणून.” आणि ती बाहेर गेली. मी दाराआड उभी राहून ऐकत होते.