बोडिलची मिरीची चक्की

बोडिल आमच्या गोदीत क्रेन चालवायची. तीस वर्षांच्या नोकरीत तिने एकही पत्रा वेडावाकडा उतरवला नाही. खाली वेल्डिंगला मीच असायचो, म्हणून सांगतो. उंचीचं तिला काही वाटत नसे. भीती होती ती रिकाम्या घराची. एकटीने जेवायला बसणं तिच्या जिवावर यायचं. सकाळी निघताना स्वयंपाकघरातला रेडिओ ती चालूच ठेवायची. संध्याकाळी दार उघडलं की आत कुणीतरी बोलत असावं म्हणून.

आमच्याकडे तिशीपर्यंत लग्न झालं नाही, तर वाढदिवसाच्या पहाटे मित्रमंडळी दारात मिरी दळायची चक्की उभी करतात. माणसापेक्षा उंच, तेलाची रिकामी पिंपं एकावर एक जोडून केलेली, नुसती दिखाऊ. वर तिच्या अंगावर मिरपूड उधळतात. अशा बाईला मिरीकुमारी म्हणतात. सगळे हसतात. बोडिलला मात्र वर्षभर आधीपासून त्या दिवसाची धास्ती होती.

तीन आठवडे उरले तेव्हा मी शेडमागे पिंपं जोडायला घेतली. तिसरं बाकी होतं, तोच बातमी आली. स्टोअरमधल्या प्रेबेनला बोडिलने होकार दिला. प्रेबेन माणूस वाईट नव्हता. पण ती बोलायला लागली की घड्याळ बघायचा. मी काम थांबवलं.

चार दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत ती शेडमागे आली.

"काय रे हेल्गे, माझी चक्की अर्धवट का?"

"तुला आता कशाला हवी, नवरीबाई?"

"गप्प बस." तिने जोडावरून बोट फिरवलं. "आणि हे काय? नुसत्या गाठी. उरकून टाकलंयस."

"एका दिवसाची गंमत. कोण बघतंय?"

"मी बघतेय. घाईचा जोड टिकत नाही, हे तूच सगळ्यांना ऐकवतोस ना?"

बोलता बोलता तिचं बोट जोडावरच थांबलं. पालथ्या पिंपावर बसली.

"काल प्रेबेन जेवायला होता. तो समोर बसलेला, आणि मी उठून रेडिओ लावला."

"मग?"

"मग काय! आज त्याला नाही म्हणून सांगून टाकते. तू हे कापून काढ आणि नीट जोड. माझ्या अंगणात उभी राहायचीय ती."

मी तो जोड कापून पुन्हा केला आणि तिसरं पिंपही तसंच नीट जोडलं. तीन संध्याकाळी गेल्या. वाढदिवसाला ती शिंकली, रडलीही. रडण्याचा दोष मिरपुडीवर ढकलला.

चक्की अजून आहे. खाली दार कापून तिने तिची मासे धुरावर भाजायची भट्टी केली. जोडातून धूर गळत नाही. बोडिल आता सत्तरीची आहे. गेल्या रविवारी मी विचारलं, "गेली का गं भीती?"

"कुठली जाते! रविवारी दुपारी हटकून येते. म्हणून तर बांगडे रविवारी लावते. धुराकडे लक्ष ठेवावं लागतं." तिने भट्टीचं दार किलकिलं करून पाहिलं. "आणि वास पसरला की तुझ्यासारखे फुकटे येतात. बशा काढ."