सायमनकाकांचं ‘नाही’

उज्जैनच्या माधव नगरातल्या आमच्या अभ्यास मंडळात दर रविवारी कुणीतरी गंभीर विषय मांडतं आणि मग तमाशा होतो. विषय मी सोमवारपर्यंत विसरते. तमाशे मात्र साठत जातात, आणि आता इतके साठलेत की लिहूनच टाकते.

*

इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं तेव्हा बाबांनी मला तिथे धाडलं. चार शहाण्यांत बसशील, म्हणाले. शहाण्यांचे मुख्य म्हणजे नाना, बँकेतून रिटायर झालेले. सगळ्यांसमोर विचारायचे, “मुक्ता, परत कॉलेजात कधी?”

एका रविवारी मीही विचारलं, “नाना, तुम्ही परत बँकेत कधी?”

तेव्हापासून माझी खुर्ची मागच्या रांगेत.

*

मागच्या रांगेत सायमनकाका बसतात. अलिबागकडचे ज्यू. रेल्वेच्या नोकरीत उज्जैनला आले आणि इथलेच झाले. नाना पाहुण्यांना त्यांची ओळख करून देतात, “हे आमचे सायमनराव. ख्रिश्चन आहेत, पण मराठी एकदम बढिया.”

“ज्यू,” एकदा काका म्हणाले. “आणि मराठी अलिबागची आहे. तुमच्यासारखी ‘चाय पिऊन राहिलो’वाली नाही.”

*

मग मंडळाला कब्बालाची हौस आली. कब्बाला म्हणजे ज्यूंची गूढविद्या. टावर चौकाजवळ हॉल घेतला, तोही शनिवारी दुपारचा, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी! व्याख्यान काकांचंच ठेवलं, पण दिवस त्यांना विचारायचं कुणाला सुचलं नाही. काका घरून चालत आले आणि माइकपासून लांब उभे राहिले.

“सायमनराव, माइक चालू आहे,” नाना ओरडले.

“म्हणूनच लांब आहे. आज मला वीज चालत नाही.”

व्याख्यान दोन मिनिटांत संपलं. “आमच्या धर्मशास्त्राप्रमाणे ही विद्या ज्यू नसलेल्यांना शिकवत नाहीत. आमच्यातल्यांनाही आधी बाकीचं शास्त्र शिका, संसार करा, चाळिशी गाठा, असं सांगतात. एवढंच सांगायला आलो.”

“म्हणजे आम्ही काय परके?” नाना.

“या बाबतीत हो.”

*

पुढच्या रविवारी नाना लालबुंद. “ज्ञानाला कुंपण? आपल्याकडे असलं काही नाही!”

हेच नाना रोज पहाटे घरी रुद्र शिकवतात. मुलग्यांना.

मी मागून म्हटलं, “मग उद्यापासून मी रुद्राला येऊ?”

“तो विषय वेगळा आहे.”

“वेगळा कसा?”

“चहा गार होतोय सगळ्यांचा,” नाना म्हणाले.

*

मी सरळ काकांच्या घरी गेले. म्हटलं, मला शिकायचंय. काका ‘नाही’ म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, “पण मी कोण ठरवणार? विचारू या.” माझ्यासमोरच त्यांनी मुंबईतल्या एका रब्बींना, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंना, फोन लावला. स्पीकरवर.

“बावीस वर्षांची मुलगी आहे. हिंदू. कॉलेज सोडलंय.”

रब्बींनी कॉलेजचं काही विचारलं नाही. विचारलं, “शिकून काय करणार?”

“देव एकच आहे म्हणतात,” मी म्हटलं. “एक म्हणजे कसा, ते बघायचंय.”

मग उत्तर आलं. गूढ भाग नाही, आणि का नाही तेही नीट समजावलं. पण जलप्रलयातून वाचलेल्या नोहाला देवानं दिलेले सात नियम सगळ्या माणसांसाठी आहेत, ते शिकायलाच हवेत. आणि देव एक आहे हे कळायला जेवढं लागेल, तेवढं शिकवायला काही जाणत्यांची हरकत नाही.

बावीस वर्षांत मला ‘नाही’ खूप जणांनी म्हटलंय. कारण सांगून म्हणणारा हा पहिला माणूस. घरी जाताना माझी मान ताठ होती.

*

आता दर सोमवारी सकाळी काका मला शिकवतात. परवा मध्येच नाना आले, चौकशीला.

“कुणाला विचारून शिकवता हिला?”

“आमच्यातल्या जाणत्याला,” काका म्हणाले. “तुम्ही हिला रुद्राला नाही म्हणालात, ते कुणाला विचारून?”

नानांनी चहा संपवला. पाणी प्याले. दारात चपला घातल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “उद्या पहाटे साडेपाच. आंघोळ करून ये.”

मी म्हटलं, “काकांना विचारून सांगते.”