हिमानीनं उघडायला लावलेले डबे

हिमानी बुऱ्हाणपूरच्या एका फोटो स्टुडिओत लग्नाच्या फिल्म एडिट करायची. दिवसभर दुसऱ्यांचे साखरपुडे, हळदी, पाठवण्या. घरी आली की ऑनलाइन गेम खेळायची, आणि चांगलं खेळायची. तिचा कॉम्प्युटर तिनं एकेक भाग निवडून स्वतः जोडला होता. त्यातलं ग्राफिक्स कार्ड घेतलं शनवारा दरवाज्याजवळच्या रितेशच्या दुकानातून. तिथंच दोघांची ओळख झाली, घरच्यांना पटलं, साखरपुडा झाला.

पुढच्या उन्हाळ्यात कार्ड तापून बंद पडू लागलं. तिनं ते खोललं, तर पंख्यात जुनी चिकट धूळ बसलेली, स्क्रू आधीच कुणीतरी फिरवलेले. क्रिप्टो चलन काढायच्या कामाला रात्रंदिवस जुंपून झिजवलेली कार्डं स्वस्तात मिळतात आणि काही लोक ती पुसून नव्या डब्यात घालतात, हे तिला माहीत होतं. तिनं कुणाकडे वाच्यता केली नाही. रितेशला एकट्याला गाठून म्हणाली, माझं राहू दे, पण गिऱ्हाइकांना असं देऊ नकोस. तो हसला, वरून कंपनीकडूनच तसं आलं असेल म्हणाला. आठवडा उलटला नाही तोच त्याच्या घरून लग्न मोडल्याचा निरोप आला. कारणही गावभर पसरलं: पोरगी रात्ररात्र हेडफोन लावून परक्या पोरांशी बोलते.

हिमानीचे वडील निवृत्त मास्तर. त्यांनी शनवाऱ्यावरून जाणंच सोडलं, भाजीलासुद्धा लांबच्या रस्त्यानं जाऊ लागले. पाहुणे आले की आई तिला आतच थांबायला सांगायची. हिमानी कुणाशी भांडली नाही. चार लोकांसमोर रितेशचं तोंड उतरलेलं बघायचं, एवढं मात्र तिनं मनाशी पक्कं केलं.

मग रितेशचं लग्न बहादरपूरच्या मोतीलाल महाजनांच्या वैजयंतीशी झालं, आणि फिल्मचं काम नेमकं हिमानीच्या स्टुडिओकडे आलं. मालक म्हणाले, दुसऱ्याला देतो. तिनं नको म्हटलं. त्याचा हसरा चेहरा ती दिवसचे दिवस पडद्यावर मागेपुढे करत राहिली. दोन-तीन ठिकाणी शॉट जरा लांबवला असता तर नवरदेव बावळट दिसला असता. हात शिवशिवले, पण एवढ्यानं तिचं समाधान होणार नव्हतं. तिनं फिल्म अशी केली की मोतीलाल स्वतः पेढे घेऊन आले.

तेच मोतीलाल पुढं एक दिवस पुन्हा स्टुडिओत आले. केळीच्या व्यापारावर त्यांनी हायवेला नवीन गाळे बांधले होते आणि वरच्या मजल्यावर गेमिंग झोन काढायचा होता. मशीन जावयाकडूनच घेणार होते. पण केळीची रोपं घेतानाही मुळं स्वतः बघणारा हा माणूस.

"बेटा, जवाईले विचारायले मले संकोच वाटते," ते म्हणाले. "तूच समजावून सांग."

तिनं समजावलं, आणि अगदी सरळ. सगळ्यात महागडं कार्ड नको, मधलं घ्या, पण त्याची मेमरी भरपूर असू द्या. पॉवर सप्लायमध्ये काटकसर करू नका. शेतातली मोटर मोठी आणि ट्रान्सफॉर्मर लहान असला की काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. आपल्याकडचा उन्हाळा बघता कॅबिनेट जाळीचं हवं. मोतीलाल मान डोलावत ऐकत होते. रितेशकडची कार्डं घेऊ नका, हे तिला तिथंच सांगता आलं असतं. ते तिनं सांगितलं नाही.

"काका, डबे आधी उघडू देऊ नका," ती म्हणाली. "उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यांसमोर उघडा. मी येते जोडायला."

त्या दिवशी गाळ्यावर पाहुण्यांची गर्दी होती. पूजेची तयारी चालली होती. हिमानीला बघून रितेश दचकला, पण सासऱ्यासमोर काही बोलू शकला नाही. तिनं पहिला डबा उघडून कार्ड मोतीलालच्या हातात दिलं आणि डब्यावरचा नंबर कार्डावरच्या नंबराशी लावून बघायला सांगितलं. जुळेना. दुसऱ्याचाही जुळेना. तिसरं तिनं मशीनला जोडून चालवलं. पंखा घरघरला आणि थोड्याच वेळात पडदा काळा झाला.

"जवाईबापू, हे कसं काय?" मोतीलालनी विचारलं.

रितेश म्हणाला की वरूनच चुकून आलं असेल. मग हिमानीकडे वळून दबक्या आवाजात म्हणाला, तुला हेच करायचं होतं ना.

हिमानीनं आवाज खाली आणला नाही. "मी रात्ररात्र परक्या पोरांशी हेच बोलत होते, रितेश. कार्ड नवं कसं ओळखायचं, जुनं कसं."

कुणीतरी हसलं. रितेशचं तोंड उतरलं, आणि हिमानीनं ते मन भरेपर्यंत बघितलं.

मोतीलालनी तो माल परत केला आणि मशिनं इंदूरहून आणली. गाळ्यावरची गोष्ट केळीच्या गाड्यांबरोबर गावोगाव गेली, रितेशच्या दुकानात लोक जुनी कार्डं घेऊन भांडायला येऊ लागले, आणि दिवाळीच्या आत त्याला शटर ओढावं लागलं. हिमानीचे वडील शनवाऱ्यावरून जाऊ लागले. तिला पस्तावा झाला असं मात्र म्हणता येणार नाही.

पण एका दुपारी वैजयंती स्टुडिओत आली. बसली, पाणी प्यायली. आरडाओरडा केला नाही.

"दीदी, हे म्हणाले, तुम्हाला माझ्या लग्नाआधीच माहीत होतं," ती म्हणाली. "मला तेव्हा का नाही सांगितलं?"

हिमानीनं पडद्यावरची फिल्म थांबवली. "तेव्हा सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, हिचं मोडलं म्हणून जळते."

"आता काय म्हणतात?"

"आताही तेच म्हणतात. आता मला चालतं."

वैजयंतीनं रिकामा ग्लास बाजूला सरकवला. मग म्हणाली की माझ्या घरात मात्र त्या दिवसापासून जेवताना कुणी कुणाशी बोलत नाही. हिमानीनं मान खाली घातली नाही, आणि माफीही मागितली नाही. तिनं दोन चहा मागवले. वैजयंतीनं आपला अर्धाच घेतला, पदर सारखा केला आणि उन्हात निघून गेली.