पंधराच्या अठरा प्लेटा

खिडकीकडे पाठ करून बाई उभ्या राहायच्या. टेबलावर काळं कापड पसरायच्या, त्यावर काचेची प्लेट पालथी धरायच्या आणि मान इतकी तिरपी करायच्या की वाटावं, या आता कोणाच्या तरी कानात काही सांगणार. ते काळं कापड त्यांच्या वडिलांच्या मोडक्या छत्रीचं. मग पट्टी लावून पुटपुटायच्या, "बोल बाबा, बोल. घाई नाही."

हे त्या प्लेटेतल्या जंतूला म्हणायच्या.

भांड्याशी, यंत्राशी, देवाशी एकाच आवाजात बोलणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमच्या बाई त्यातल्या. तंजावरला जुन्या बसस्टँडमागे एका डॉक्टरांची खाजगी लॅब होती, तिथे त्या टेक्निशियन होत्या. मी काचसामान धुवायचो, ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेनं सगळं निर्जंतुक करणारा मोठा कुकर, लावायचो, प्लेटा ओतायचो. आमचे पूर्वज मराठा राजांच्या फौजेबरोबर घोड्यावर बसून इकडे आले. मी काच धुतली. त्यात लाज कसली? घोडा सगळ्यांनाच मिळत नाही. आणि माझी काच स्वच्छ असायची, हे त्या डॉक्टरांनाही कबूल होतं.

काम काय होतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पेशंटच्या लघवीतला, जखमेतला जंतू आधी वाढवायचा. मग तो मिठाच्या पाण्यात कालवून कापसाच्या काडीनं अगारवर सारवायचा. अगार म्हणजे जंतूचं जेवण. आमच्याकडे कडलपासीचं, समुद्रातल्या शेवाळाचं, गोड थिजवतात, तसं ते थिजतं. सारवायचं तीनदा, दर वेळी प्लेट थोडी फिरवून, शेवटी कडेनं एक फेरा. त्यावर निरनिराळ्या औषधांच्या बारीक टिकल्या चिमट्यानं ठेवायच्या आणि प्लेट उबेच्या कपाटात. दुसऱ्या दिवशी जंतू सगळीकडे पसरलेला दिसतो. पण ज्या औषधाला तो भितो, त्या टिकलीभोवती मोकळं वर्तुळ असतं. वर्तुळ मोठं, तर औषध लागू. लहान, तर नाही. लोक म्हणतात मोठं शास्त्र. शास्त्र असेलच. पण बाईंचा हात तुम्ही बघितला असता तर म्हणाला असता, कोणीतरी अंगण सारवतंय.

टिकली एकदा टेकली की हलवायची नाही. औषध त्याच घटकेला झिरपायला लागतं. शिकायला आलेल्या एका पोरीनं वाकडी पडलेली टिकली हळूच सरकवली. बाईंनी अख्खी प्लेट टाकायला लावली. ती रडवेली झाली, तेव्हा लाडानं म्हणाल्या, "टेकली ती टेकली, कण्णा. माझं लग्नही असंच. पापनाशमला टेकले, ती टेकले." पोरगी हसली. मी हसलो नाही, कारण प्लेट माझी होती.

पापनाशमहून त्या सकाळच्या पॅसेंजरनं यायच्या. केसांत मल्लीचा गजरा. टेस्टिंगच्या खोलीत फूल न्यायचं नाही, बुरशी येते, म्हणून दाराच्या खिळ्याला तो गजरा टांगायच्या आणि संध्याकाळी जाताना तोच सुकलेला पुन्हा माळायच्या. मी एकदा म्हटलं, "बाई, याचा काय उपयोग?" म्हणाल्या, "गाडीत बसल्यावर वास सुटतो, अण्णा. तुम्हाला नाही कळायचं."

खिडकीशी रिपोर्ट न्यायला येणाऱ्यांनाही त्या सोडत नसत. तिरुवैयारुचा एक तवील वाजवणारा होता, पायाची जखम भरत नव्हती. दोन दिवस गोळ्या घेतल्या, बरं वाटलं, थांबवल्या; पुन्हा चिघळली, पुन्हा दोन दिवस. बाईंनी त्याला प्लेट दाखवली. एकाही टिकलीभोवती धड वर्तुळ नाही. "अर्धा मार खाल्लेला पोरगा सुधारत नाही, कोडगा होतो," त्या म्हणाल्या. "हा तुमचा जंतू तुम्हीच कोडगा केलाय." तो माणूस पायाची पट्टी घट्ट करायला वाकला. मग बाईंनीच त्याला पाणी दिलं.

आता आमच्या बोलण्याचं. मी लागलो तेव्हा पहिले दोन महिने आम्ही तमिळच बोललो. एक दिवस त्यांच्या हातून चिमट्यांचा डबा पडला आणि त्या ओरडल्या, "अगं बाई!" मी मोरीतून विचारलं, "फुटलं काय?" मराठीत. मग त्या दारात आल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "दोन महिने! दोन महिने तुम्ही मला अम्मा अम्मा करत होता!" जसा काही मीच गुन्हा केला होता. त्या दिवसापासून दुपारचा डबा आम्ही मागच्या पायरीवर समोरासमोर बसून खायला लागलो. तुम्हाला हे लहान वाटेल. माझी मुलं मराठी समजतात आणि उत्तर तमिळमध्ये देतात. बाईंच्या घरी तर सासरची दोन म्हातारी माणसं गेल्यावर तेही नाही. नवरा गेलेला, मुलगी पुण्याला. दिवसातून अर्धा तास त्या पायरीवर आमची भाषा जिवंत असायची.

लिहायला मला त्यांनीच शिकवलं. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही तमिळ. एकदा त्यांनी मराठीत लिहिलेली चिठ्ठी माझ्या हातात दिली. मी म्हटलं, "चष्मा घरी राहिला." चष्मा मला नव्हताच. त्यांनी चिठ्ठी परत घेतली. दुसऱ्या दिवशी डबा झाल्यावर धुतलेल्या प्लेटेचं झाकण काढलं, काचेवर लिहायच्या मेणाच्या पेन्सिलीनं त्यावर 'अ' काढला आणि म्हणाल्या, "मी विसरत चाललेय, अण्णा. माझ्याकडून जरा गिरवून घ्या." झाकणं स्पिरिटनं पुसायची, पुन्हा लिहायचं. आज मी हे लिहितोय ते त्या झाकणांवरचं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

माझी बायको तापानं फणफणली होती. थंडी वाजून ताप, कमरेत कळा. डॉक्टरांच्या गोळीनं उतार नव्हता. लघवी आमच्याच लॅबला आणली, जंतू वाढला. आता त्याला औषधं विचारायची होती. त्या सकाळी मी तिला शेजारणीच्या भरवशावर टाकून कामावर गेलो. घाईत ऑटोक्लेव्हचं झाकण उघडलं, आतलं प्रेशर पुरतं उतरलं नव्हतं. एक फ्लास्क तडकला आणि अगार सांडलं. अठरा प्लेटांचं होतं, पंधरांचं उरलं.

सांगायचं होतं. सांगितलं असतं तर नवीन अगार करायला अर्धा दिवस गेला असता, टेस्ट एक दिवस मागे पडली असती, आणि डॉक्टर म्हणाले असते, म्हाताऱ्याचा हात थरथरायला लागला. पंगतीत ऐनवेळी तीन पानं वाढली की वाढपी हात आखडता घेतो, तसा मी घेतला. पंधराच्या अठरा प्लेटा केल्या. काचा गोळा केल्या, मोरी धुतली.

पातळ प्लेटेत काय होतं हे मला ठाऊक होतं. औषधाला खाली जायला जागा नसली की ते बाजूला पसरतं आणि वर्तुळ खोटंच मोठं दिसतं. हेही बाईंनीच शिकवलं होतं. पण माणूस स्वतःला सांगतो, एवढ्यानं काय होतंय.

बाई रोज पाहुण्यांआधी घरच्याला विचारायच्या. म्हणजे लॅबच्या फ्रीजमध्ये एक ओळखीचा जंतू ठेवलेला असतो. कुठल्या औषधाला त्याचं वर्तुळ केवढं येतं हे आधीच माहीत असतं. त्याचं बरोबर आलं तरच बाकीच्यांचं खरं. दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याची प्लेट काळ्या कापडावर धरली, पट्टी लावली, पुन्हा लावली. "हा आज खोटं बोलतोय," म्हणाल्या. "आजचा एकही रिपोर्ट जाणार नाही."

मी बायकोची प्लेट उचलली. एका गोळीच्या टिकलीभोवती चांगलं मोकळं वर्तुळ होतं. "बाई, हे बघा. डोळ्यांनी दिसतंय. लागू आहे. मी आत्ता जाऊन गोळी घेतो."

"नाही, अण्णा."

"माझी बायको आहे ती."

"म्हणूनच नाही. या प्लेटेवर माझा विश्वास नाही."

"प्लेट मी ओतलीय!"

त्यांनी हातातली प्लेट खाली ठेवली. मग हळूच विचारलं, "ओतताना काल काही झालं?"

"काय व्हायचंय? माझा हात बारा वर्षं तोच आहे."

"सरी," एवढंच म्हणाल्या, म्हणजे बरं.

डॉक्टर आले. नऊ रिपोर्ट अडकले म्हणून सगळ्यांसमोर तोंडाला येईल ते बोलले. एका हॉस्पिटलनं तेवढ्यात आपली कामं दुसरीकडे देतो म्हणून फोन केला होता. बाई उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, "माझं चुकलं, सर. जंतूचं पाणी मी पातळ केलं असेल." मी मोरीपाशी उभा होतो. तोंड उघडलं नाही.

डॉक्टर गेल्यावर मला एवढंच म्हणाल्या, "आज पुरतील तेवढ्याच ओता, अण्णा. कमी पडल्या तर पडू देत." मला वाटलं, काटकसर सांगतायत.

तिसऱ्या दिवशी घरचा जंतू खरं बोलला. आणि बायकोच्या प्लेटेवर त्या गोळीचं वर्तुळ लहान होतं. गोळी लागू नव्हती. मी आदल्या दिवशी तीच घेऊन घरी गेलो असतो. जंतू मूत्रपिंडातून रक्तात गेला असता, असं नंतर डॉक्टर म्हणाले. दुसरं इंजेक्शन लागू होतं, ते सात दिवस दिलं. बायको उठली, आठव्या दिवशी माझ्यावर ओरडली, तेव्हा मला कळलं, बरी झाली.

मी बाईंचे पाय धरायला हवे होते. मी काय केलं? बोलणं टाकलं. 'या प्लेटेवर माझा विश्वास नाही' हे वाक्य धरून बसलो. शरम आतून कुरतडायला लागली की आमच्यासारखा माणूस रागाचा सदरा घालतो. पायरीवर डबा खायचो, पण भिंतीकडे तोंड करून. पहिले काही दिवस त्या बोलत राहिल्या. गाडी उशिरा आली, पापनाशमला भात कापायला आलाय. मग त्याही थांबल्या. असे तीन महिने. शेवटी बायकोनंच डांगर पचडी करून त्यांच्यासाठी पाठवली. त्यांनी चाखली आणि डबा परत देत म्हणाल्या, "वहिनींना सांगा, मीठ जरा पुढे गेलंय." मला उत्तर द्यावंच लागलं, "तिला सांगण्याची छाती तुमची असेल, माझी नाही." त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, हसण्याचं.

त्या दिवसाबद्दल मात्र कोणी काही काढलं नाही.

पुढे त्या रिटायर झाल्या आणि मुलीकडे पुण्याला गेल्या. मीही काम सोडलं. फोन यायचा. "अण्णा, काहीतरी बोला. काहीही बोला." मी म्हणायचो, "तिथे तर अख्खं गाव मराठी बोलतं, बाई!" "बोलतं हो. पण मी भाजीवाल्याला मराठीत विचारते आणि तो मला हिंदीत उत्तर देतो. शेजारीण म्हणते, तुम्ही मद्रासी असून मराठी छान बोलता." दोघंही हसायचो. मग त्या विचारायच्या, नदीला पाणी सोडलं का, ओरत्तनाडुची बस अजून त्याच थांब्यावर उभी राहते का. मला ठाऊक नसलं तरी मी सांगायचो.

गेल्या पावसाळ्यानंतर एकदा म्हणाल्या, "नातीच्या कॉलेजात हे सगळं आता मशीनवर करतात. मी तिला म्हटलं, आमच्या अण्णांनी ओतलेली प्लेट बघायची होतीस. पाणी थबकल्यासारखी सपाट."

मला ते सोसलं नाही. म्हटलं, "बाई, त्या दिवशीच्या प्लेटा मी पातळ ओतल्या होत्या."

त्यांनी विचारलं, "हात किती दिवस दुखला?"

हाताचं मी तुम्हालाही सांगितलं नाही. त्या सकाळी उकळतं अगार मनगटावर सांडलं होतं. मी पंधरा दिवस लांब बाह्यांचा सदरा घालत होतो. बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मोरीच्या जाळीत काचा होत्या, तुमच्या बाह्या लांब झाल्या होत्या, अण्णा. आणि प्लेटेला पट्टी मी उभीही लावते, अगारची जाडी बघायला."

"मग डॉक्टरांना स्वतःचं नाव का सांगितलंत?"

"तुम्हाला काढलं असतं त्यांनी. मग त्या पायरीवर मी कोणाशी बोलले असते?" मग जुन्या खोडकर आवाजात म्हणाल्या, "पण तुम्ही कसले! तीन महिने गप्पच बसलात."

मी काहीतरी म्हणणार, एवढ्यात मागून त्यांना जेवायला हाक आली. ताटं मांडल्याचा आवाज ऐकू आला. "जेवून करते," म्हणाल्या.

त्या दिवशी फोन आला नाही. मी केला नाही, म्हटलं दमल्या असतील. पुढच्या आठवड्यात त्यांच्या मुलीचा आला. ती चांगलं, पुण्याचं मराठी बोलली. बाईंना शेवटी त्रास झाला नाही, असं म्हणाली.

तीन महिने. रविवार आणि सणाच्या सुट्ट्या सोडल्या तर पंचाहत्तर दुपारी होतात. डबा उघडून, पाठमोरं बसून, एक शब्द न बोलता. मी मोजल्यात.