पाचच्या आत घरी नको

तीन वर्षं मी मुलाच्या मागे लागले होते की मला एकदा ते डोंगरापलीकडचं वाळवंट दाखव. तीन वर्षं त्याचं उत्तर एकच, फार लांब आहे, एका दिवसात दमशील. आणि एका शुक्रवारी तो आपण होऊन म्हणाला, रविवारी पहाटे निघू, पार मोनो लेकपर्यंत जाऊन येऊ. मी इतकी हरखले की शनिवारी रात्री धड झोपही लागली नाही.

मुलाच्या फ्रीमाँटच्या घरात तो आठवडा जरा विचित्रच चालला होता. सुनेने भिंतीवरचे फोटो काढून गराजमध्ये ठेवले, देवही खोक्यात घातले. कार्पेट धुवायचंय म्हणाली. फोडणी करू नका, स्मोक अलार्म बिघडलाय. प्रवासासाठी पुऱ्या तळते म्हटलं, तर नको, वाटेत घेऊ काहीतरी. मला वाटलं, सून लाड करतेय. एरवी मी शेजाऱ्यांची भांडणं खिडकीतून ओळखते, पण त्या आठवड्यात माझी अक्कल शेण खायला गेली होती.

अंधारातच निघालो. उजाडलं तेव्हा बदामाच्या बागा लागल्या, मग वाळल्या गवताच्या पिवळ्या टेकड्या, मग पाइनची दाट झाडी. त्यानंतर जे डोंगर आले ते नुसते करडे, गुळगुळीत खडक, पाटा धुऊन उन्हात ठेवावा तसे. मुलगा जागोजागी गाडी थांबवत होता. मला हात धरून उतरवत होता, फोटो काढत होता. लहानपणी शाळेतून आल्यावर माझ्याशी बोलायचा तसा घडाघडा बोलत होता. मी मनात म्हटलं, नाशिकचा फ्लॅट विकून याच्याकडे कायमची आले ते काही चुकलं नाही. फ्लॅट विकायला तोच म्हणाला होता. “आता हेच तुझं घर,” असं म्हणाला होता.

घाटमाथ्यावर हवा विरळ. माझं डोकं जड झालं, मळमळायला लागलं. मी म्हटलं, पाहिलं तेवढं पुरे, परत फिरू या. नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. सून म्हणाली, “आई, एवढ्यात नको. खाली उतरलं की बरं वाटेल तुम्हाला.”

खाली उतरल्यावर बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. डोंगर मागे राहिले आणि समोर सगळा उघडा, कोरडा मुलूख पसरला. करड्या हिरव्या झुडपांना चुरगळलेल्या ओव्यासारखा उग्र वास होता. तळ्याच्या पाण्यातून चुनखडीचे पांढरे सुळके वर आलेले. इतकं सुंदर मी आयुष्यात फार कमी पाहिलंय. मुलगा आणि सून फोनवर काहीतरी बघत मागे राहिले, मी अकरा वर्षांच्या नातीचा हात धरून काठाने चालत होते. तिला सहज म्हटलं, तुझा बाबा हट्टी आहे, आजीला बरं नव्हतं तरी मागे फिरला नाही.

ती म्हणाली, “बट आजी, वी कान्ट गो होम. पाचपर्यंत लोक घर बघायला येणार आहेत ना. इट्स द ओपन हाउस.”

या देशात घर विकायला काढलं की एका रविवारी ते सताड उघडं ठेवतात. कुणीही यावं, कपाटं उघडून पाहावीत. घरच्यांनी आपल्या खाणाखुणा, स्वयंपाकाचे वाससुद्धा, आवरून तेवढा वेळ बाहेर जायचं असतं. आमच्या गल्लीत मी दोनदा पाहिलं होतं. एकदा तर मीसुद्धा आत जाऊन लोकांचं न्हाणीघर बघून आले होते.

मुलाला विचारलं तेव्हा त्याने लपवलं नाही. ऑस्टिनला नवी नोकरी लागली होती. तिथे आधी लहान अपार्टमेंट, मग बघू. “तोवर तू न्यू जर्सीला ताईकडे राहा. तिच्याशी बोलणं झालंय.”

म्हणजे लेकीला माहीत होतं. घर दाखवणाऱ्या बाईला माहीत होतं. अकरा वर्षांच्या पोरीला माहीत होतं. माझी खोली रिकामी दिसावी म्हणून मला पाच तासांच्या अंतरावर आणून ठेवलं होतं, आणि मी सकाळपासून सगळ्या फोटोंत दात काढून हसत होते. मला रडू आलं नाही. संताप आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली, आपण किती खूश झालो होतो याची.

“आई, तुझा दिवस छान जावा असंही मनात होतं,” तो म्हणाला.

“विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं,” मी म्हणाले. “देव मी माझ्या हाताने खोक्यात ठेवले असते.”

तो रडला. मी त्याची पाठ थोपटली नाही. परतीच्या वाटेवर सूर्यास्ताच्या वेळी डोंगर गुलाबी झाले, त्याने हळू आवाजात विचारलं, थांबायचं का. मी नको म्हटलं.

आता मी लेकीकडे असते. ती प्रेमाने करते, तक्रार नाही. परवा म्हणाली, आई, चल, रविवारी समुद्रावर जाऊन येऊ, कितीतरी दिवसांत तू बाहेर पडली नाहीस.

मी विचारलं, “घरी कोण येणार आहे?”

ती हसली. तिला वाटलं, मी गंमत करतेय.