आई शेतकरी असल्याचा पुरावा

लॉकडाऊनच्या त्या उन्हाळ्यात सरकारनं शेतकऱ्यांच्या खात्यात दोन-दोन हजार टाकले, आणि आमच्या वलगावकडच्या गावात ज्यांनी जन्मात ढेकूळ फोडलं नाही त्यांचेही मोबाइल वाजले. वावर ठोक्यानं कसायला देऊन अमरावतीत बंगल्यात राहणाऱ्या एका मास्तरलाही मिळाले. वर फोन करून मला म्हणतो, "सरकार मायबाप असते बापा." असेल, त्याचं असेल.

माझ्या आईला छदामही मिळाला नाही. तिच्या बापानं तिच्या नावावर करून दिलेले दोन एकर ती स्वतः कसते. त्या वर्षी बाजार बंद, म्हणून तोडलेली वांगी बकऱ्यांपुढं टाकली. मृगाच्या आत सोयाबीनच्या बियाण्याची बॅग घ्यायची होती, आणि तिचा सगळा जीव त्या दोन हजारांत अडकला होता.

मी तिला घेऊन तहसीलात गेले. प्लास्टिकच्या पडद्यामागं बसलेल्या बाबूनं कागद पाहिले. सातबाऱ्यावर तिचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं.

"ह्या दोन बाया झाल्या," तो म्हणाला.

आमच्यात लग्नात पोरीचं नुसतं आडनाव नाही, पहिलं नावही बदलतात. नवरा ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव काढतो, बाया हसतात, पेढे वाटतात. जुन्या नावाचं काय झालं ते कोणी विचारत नाही. आणि मी शहाणी, शिकलेली लेक, आईचं ते नाव पहिल्यांदा वाचलं ते त्याच आठवड्यात, सातबाऱ्यावर. मला माझीच लाज वाटली.

बाबू म्हणाला, लग्नपत्रिका आणा. पेटी उपसून आम्ही चाळीस वर्षांपूर्वीची पत्रिका नेली. तिच्यावर अर्थातच माहेरचंच नाव. नवं तर मांडवात मिळालं. हा म्हणतो, "याच्यात आधारवरचं नाव कुठं हाय?" देवानं अक्कल वाटली तेव्हा हे लोक जेवायला गेले असावेत. शेवटी म्हणाला, नवऱ्याचा जबाब लागेल.

म्हणून तिसऱ्या खेपेला बाबांना नेलं. बाबा इस्त्रीचा सदरा घालून आले. नवं नाव त्यांनीच निवडलं होतं, ते सांगताना अजून त्यांची छाती फुगते. त्या वावराचा कागद मात्र त्यांनी कधी हातात धरला नाही. 'तुह्या बापाचं वावर' म्हणत हिणवण्यात त्यांची हयात गेली.

बाबूनं सातबारा स्वतःकडे ओढला आणि विचारलं, "सांगा बाबाजी, लग्नाच्या आधी बाईचं नाव काय होतं?"

बाबांनी छताकडे पाहिलं. मास्क खाली ओढला, पुन्हा वर केला. मग आईकडे वळून म्हणाले, "काय होतं वं तुहं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आई मात्र चिडली नाही. तिनं खिडकीजवळ जाऊन आपलं नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, स्पष्ट.

बाबूनं पेन उचललंही नाही. "मावशी, तुमी नका बोलू. जबाब त्यायचा हाय, त्यायनंच सांगाले पायजे."

मग बाबांनी घसा खाकरला आणि आत्ताच ऐकलेलं नाव जसंच्या तसं पुन्हा म्हटलं. बाबूनं ते लिहून घेतलं, शिक्का मारला, आणि तेव्हा कुठं माझी आई शेतकरी झाली.